महत्त्वाचं सगळं ता. क.मध्ये

पत्र

डॉक्टर, नमस्कार. मी ४३ वर्षांचा. ऐरोलीला राहतो, रबाळे एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत बॉयलरवर आहे. तिन्ही शिफ्ट फिरत्या. वर्षभर अंगात दम म्हणून राहिलेला नाही. पोट सुटलंय, बसल्या जागी डुलक्या येतात, बायकोजवळ जायची इच्छाच होत नाही. कंपनी गुजरातला हलणार अशी कुजबुज आहे, ते टेन्शन वेगळंच. जिममधल्या ट्रेनरनं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हॉर्मोन तपासायला सांगितलं. फुल बॉडी पॅकेजमध्ये करून घेतलं, २५२ आलं आणि पुढे ठळक अक्षरात 'लो'. ट्रेनरच्या ओळखीचं एक क्लिनिक आहे, तिथे दर पंधरा दिवसांनी इंजेक्शन घ्यायचं ठरतंय. ते म्हणतात, आणखी काही तपासायची गरज नाही. मला बरोबर वाटत नाही. सुरू करण्याआधी कोणत्या टेस्ट कराव्यात? आणि मिसेसला सांगावं का?

— एक वाचक, ऐरोली

ता. क. रक्त दिलं तेव्हा नाईट करून आलो होतो, सकाळचे साडेअकरा वाजले होते. त्याच्या महिनाभर आधीच डेंग्यूतून उठलो होतो. थोडं घोरतो. केसांसाठी एक गोळी चालू आहे. यंदा दुसऱ्या मुलाचा विचार आहे, मुलगी आठ वर्षांची झाली आणि मिसेस ३७ची आहे. याचा काही संबंध असेल तर कळवा.

उत्तर

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा खालून वर. नौपाड्यात अठ्ठावीस वर्षं दवाखाना चालवतोय. पेशंट खरी गोष्ट सांगतो ती तपासून झाल्यावर, बाहेर चपला घालता घालता. तुम्ही ती ता. क.मध्ये घातलीत. विचारताय, संबंध आहे का? आहे, आणि एकूण एक गोष्टीचा आहे.

आधी एक करा, इंजेक्शनची तारीख रद्द करा. हा काही अपेंडिक्स नव्हे, की आज नाही केलं तर उद्या फुटेल. दोन महिने गेले तर तुमचं काहीही बिघडत नाही. न तपासता पहिलं इंजेक्शन घेतलंत तर मात्र खरा आकडा काय होता हे शोधायला पुढे कित्येक महिने थांबावं लागेल.

आता तो २५२. टेस्टोस्टेरॉन दिवसभर एका पातळीवर नसतं. झोपेत चढत जातं, सकाळी सगळ्यात वर असतं, दिवस कलला की उतरतं. म्हणून नमुना सकाळी सात ते दहाच्या दरम्यान आणि उपाशीपोटी द्यायचा असतो. गोड किंवा भरपेट खाल्लं की तासाभरात पातळी खाली येते. (नाईट सुटल्यावर स्टेशनबाहेर वडापाव-चहा झाला होता का, हे तुम्ही लिहिलेलं नाहीत. मी गृहीत धरतो की झाला होता.) तुमच्या घड्याळात साडेअकरा वाजले असतील, पण तुमच्या शरीराची त्या दिवशी सकाळ झालेलीच नव्हती. रात्रभर बॉयलरसमोर जागून, न झोपता दिलेलं ते रक्त. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये तरुण, निरोगी मुलांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिलं, तर दिवसाचं टेस्टोस्टेरॉन दहा ते पंधरा टक्क्यांनी घसरलं. ती मुलं विशीतली होती. तुम्ही त्रेचाळीसचे, आणि वर्षानुवर्षं फिरत्या शिफ्टमध्ये. शिवाय डेंग्यू. मोठ्या आजारात शरीर हे हॉर्मोन आपणहून कमी करतं आणि नीट सावरल्यावरच पूर्ववत करतं.

थोडक्यात, तुमचा रिपोर्ट खोटा नाही. त्या सकाळी तुमची पातळी तेवढीच असेल. पण तिच्यावरून औषध ठरवता येत नाही. अमेरिकेतली मूत्ररोगतज्ज्ञांची संघटना ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसीलिटरच्या खाली 'कमी' म्हणते, तिथल्याच हॉर्मोनतज्ज्ञांची संघटना निरोगी तरुणांवरून २६४ ही खालची मर्यादा धरते. तुमचा आकडा दोन्हींच्या खाली आहे, मान्य. पण दोघांचीही अट एकच: वेगवेगळ्या दिवशी सकाळी दोनदा तपासा, दोन्हीदा कमी आलं आणि लक्षणंही जुळली, तरच निदान. पहिल्यांदा कमी आलेल्या बऱ्याच जणांचा दुसरा रिपोर्ट नॉर्मल येतो.

तुमच्यासाठी मी असं सुचवेन. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात, तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी. रात्री साडेअकराला घरी, साडेबाराला अंथरुणात, सकाळी आठ-साडेआठला उपाशीपोटी लॅबमध्ये. दुसरा नमुना तीन आठवड्यांनी, सेकंड शिफ्ट फिरून आली की. लॅब एकच ठेवा. आणि एकक बघा. कुणी नॅनोग्रॅम प्रति डेसीलिटर लिहितं, कुणी प्रति मिलीलिटर, म्हणजे तेच ३०० दुसऱ्या लॅबमध्ये ३.० दिसतं. एक गृहस्थ माझ्याकडे 'माझं फक्त चार आलं' म्हणून घाम पुसत आले होते. त्यांचं ४०० होतं.

त्याच वेळी आणखी एक गोष्ट मोजून घ्या: एसएचबीजी. टेस्टोस्टेरॉन रक्तात मोकळं हिंडत नाही. बहुतेक सगळं प्रथिनांना चिकटून असतं, मोकळं असतं ते जेमतेम दोन टक्के. एसएचबीजी हे त्यातलं मुख्य वाहक प्रथिन. पोट सुटलं, साखर वाढू लागली की ते कमी होतं, आणि मग एकूण टेस्टोस्टेरॉनचा आकडाही खाली दिसतो. मोकळा भाग मात्र पुरेसा असू शकतो. एकूण टेस्टोस्टेरॉन, एसएचबीजी आणि अल्ब्युमिन हे रक्तातलं दुसरं प्रथिन, या तिन्हींवरून डॉक्टर तो गणितानं काढतात. 'फ्री टेस्टोस्टेरॉन' म्हणून थेट मोजून देणारी स्वस्त टेस्ट पॅकेजमध्ये असते, तिच्यावर मी विसंबत नाही.

दोन्ही नमुने कमी आले, तर पुढचा प्रश्न 'का?' हा. तुम्ही बॉयलरवर आहात म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो. वृषण म्हणजे बॉयलर आणि मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी म्हणजे कंट्रोल रूम. कंट्रोल रूम एलएच आणि एफएसएच या दोन हॉर्मोनांमार्फत हुकूम सोडते. वाफ कमी आणि कंट्रोल रूम ओरडून ओरडून थकलेली, म्हणजे टेस्टोस्टेरॉन कमी आणि एलएच-एफएसएच चढलेले, तर बिघाड बॉयलरमध्ये. लहानपणी गालगुंड होऊन वृषण सुजले होते का, एखादा वृषण खाली उतरलाच नव्हता का, मार लागला होता का, हे मग विचारायचं. वाफ कमी आणि कंट्रोल रूमही गप्प असेल, तर घोळ वरचा. मग पिट्युटरीचंच आणखी एक हॉर्मोन, प्रोलॅक्टिन, तपासतात. ते वाढलेलं असेल, डोकं दुखत असेल, दोन्ही बाजूंचं दिसायला कमी झालं असेल, तर पिट्युटरीचा एमआरआय करतात. तिथली छोटीशी गाठ गोळ्यांनी आटोक्यात येऊ शकते, आणि इंजेक्शन घेत बसलं तर ती मागे राहून जाते. शरीरात लोह साठण्याचा आजारही क्वचित कारण असतो, म्हणून लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिनची टेस्ट. पण तुमच्यासारख्यांत सगळ्यात जास्त दिसणारी कारणं साधी असतात: पोट, साखर, झोप, आणि कधी कधी जिममधली 'पावडर'. यापूर्वी एखादी 'सायकल', म्हणजे स्टेरॉइडचा कोर्स, केली असेल तर डॉक्टरांना खरं सांगा. बाहेरून घेतलेली स्टेरॉइड्स थांबवल्यावरही कंट्रोल रूम बराच काळ झोपून राहते.

आता तुमच्या ता. क.मधलं शेवटचं वाक्य. तुम्हाला ते सगळ्यात किरकोळ वाटलं, म्हणून शेवटी आलं. माझ्या मते पत्राची सुरुवात तिथूनच व्हायला हवी होती.

यंदा मूल हवं असेल तर टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घ्यायचं नाही. 'जपून घ्या', 'कमी डोस घ्या' असलं काही नाही. घ्यायचंच नाही. बाहेरून वाफ सोडली की कंट्रोल रूमला वाटतं, बॉयलर जोरात चाललाय, आणि ती हुकूम देणं थांबवते. एलएच-एफएसएच शून्याकडे जातात. वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉन रक्तापेक्षा कित्येक पटींनी जास्त लागतं, तेव्हा शुक्रजंतू तयार होतात. दंडात किंवा कमरेत टोचलेलं ती पातळी गाठू शकत नाही. रक्ताच्या रिपोर्टमध्ये आकडा झोकात येतो आणि बहुतेकांच्या वीर्यात शुक्रजंतू उरत नाहीत. हे इतकं भरवशाचं आहे, की जागतिक आरोग्य संघटनेनं आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनॅन्थेट देऊन त्याची चाचणी पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून घेतली होती, आणि १९९० मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्धही झाले. तुम्ही 'ताकदीचं' म्हणून घ्यायला निघालात ते इंजेक्शन बहुधा याच कुळातलं आहे. थांबवल्यावर बहुतेकांचं उत्पादन परत सुरू होतं, पण त्याला महिने लागतात, काहींना वर्ष-दीड वर्ष. तुमची मिसेस ३७ची आहे. हे वर्ष-दीड वर्ष तिच्या खात्यातून जाणार.

त्यामुळे तुमच्या यादीत पहिली टेस्ट लिहा ती वीर्य तपासणीची. दोन ते पाच दिवस संबंध टाळून नमुना द्यायचा. यात तुमच्या कामाचाही भाग येतो. वृषण शरीराच्या बाहेर लोंबतात ते थंड राहावेत म्हणूनच, आणि आठ-आठ तास भट्टीशेजारची धग शुक्रजंतूंना मानवत नाही. मूल हवं असताना टेस्टोस्टेरॉन खरंच कमी निघालं, तर वेगळी औषधं आहेत: कंट्रोल रूमला जागं करणारं क्लोमिफेन, किंवा तिच्या हुकमाची नक्कल करणारं एचसीजी. ती हॉर्मोनतज्ज्ञांनी किंवा पुरुष वंध्यत्व बघणाऱ्या मूत्ररोगतज्ज्ञांनी द्यायची. मी फॅमिली डॉक्टर, मी देत नाही. जिमच्या ओळखीवर चालणाऱ्या क्लिनिकनं तर अजिबात देऊ नयेत.

मग मिसेसला सांगायचं का, या प्रश्नाला काही अर्थ उरतो का? मूल दोघांचं आहे. आणि तिच्याशिवाय तुमची तपासणी पुरीही होत नाही. 'थोडं घोरतो' हे तुम्हाला कुणी सांगितलं? झोपेत स्वतःचं घोरणं कुणाला ऐकू येत नाही. तिला विचारा: घोरता घोरता मध्येच आवाज बंद पडून श्वास थांबतो का, आणि मग दचकल्यासारखा मोठा श्वास घेता का? ती हो म्हणाली तर ही स्लीप ॲप्निया असण्याची दाट शक्यता आहे, आणि दिवसाच्या डुलक्या, थकवा, गेलेली इच्छा, कमी टेस्टोस्टेरॉन या सगळ्यांचा उगम तिथे निघू शकतो. टेप घेऊन मानेचा घेर मोजा. ४० सेंटिमीटरच्या वर असेल तर संशय आणखी वाढतो. झोपेची तपासणी हल्ली घरीच, मशीन लावून होते. ॲप्निया तीव्र असेल आणि त्यावर उपचार झालेले नसतील, तर टेस्टोस्टेरॉन सुरू करत नाहीत. ते ॲप्निया बिघडवू शकतं आणि रक्तही घट्ट करतं.

रक्त घट्ट होणं हा प्रकार समजून घ्या, कारण इंजेक्शनवाल्यांत सर्रास दिसणारा त्रास हाच. टेस्टोस्टेरॉन अस्थिमज्जेला तांबड्या पेशी बनवायला लावतं. तुमच्या सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, रिपोर्टमध्ये पीसीव्ही नावाची ओळ असेल, तोच हिमॅटोक्रिट, रक्तातल्या तांबड्या पेशींचा टक्का. सुरुवातीलाच तो ५० च्या वर असेल तर आधी कारण शोधायचं. उपचारात ५४ ओलांडला तर थांबवायचं. तंबाखू-सिगारेट, ॲप्निया, दोन्ही तो आधीच वर नेतात. माझ्याकडे एकजण डोकं जड आणि चेहरा लालबुंद म्हणून आला, पीसीव्ही ५७. वर्षभर इंजेक्शन घेत होता आणि एकदाही सीबीसी केलेलं नव्हतं. त्याला वाटत होतं, चेहऱ्यावर तेज आलंय.

चाळिशीनंतर सुरू करण्याआधी पीएसएही (प्रोस्टेटचं प्रथिन, रक्तात मोजतात) बघतात, आणि प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाखालची ग्रंथी, बोटानं तपासतात. लाजू नका, अर्ध्या मिनिटाचं काम. पीएसए ४ च्या वर, किंवा वडील-भावाला प्रोस्टेटचा कर्करोग असताना ३ च्या वर असेल, तर आधी मूत्ररोगतज्ज्ञ. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवून दिलं की पुरुषी हॉर्मोन काढून घेतलं की पसरलेला प्रोस्टेटचा कर्करोग आक्रसतो. त्यांना १९६६ चं नोबेल मिळालं. तेव्हापासून ही सावधगिरी आहे. टेस्टोस्टेरॉननं नवा कर्करोग होतो असं दिसलेलं नाही, पण लपलेल्याला खतपाणी घालायचं नसतं. पीएसएच्या आधी दोन दिवस संबंध नको, आणि पाम बीच रोडला सायकल मारत असाल तर तीही नको. लघवीची धार बारीक झाली असेल, रात्री चार-चारदा उठावं लागत असेल, तर तेही सांगा.

हृदयाबद्दल अनेक वर्षं भांडणं चालली होती. २०२३ मध्ये ट्रॅव्हर्स नावाच्या चाचणीचे निकाल आले. ४५ ते ८० वयाचे, हृदयविकार असलेले किंवा त्याचा धोका असलेले सुमारे ५,२०० पुरुष, दोन नमुन्यांत टेस्टोस्टेरॉन ३०० च्या खाली. निम्म्यांना टेस्टोस्टेरॉनचं जेल, निम्म्यांना नुसतं दिसायला तसंच. हार्ट ॲटॅक, पक्षाघात आणि हृदयविकारानं मृत्यू यांचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं राहिलं. हे वाचून जिमवाले खूश झाले. पण टेस्टोस्टेरॉनच्या गटात हृदयाची अनियमित लय, फुप्फुसात गुठळी आणि मूत्रपिंडाला इजा ही जास्त दिसली, ते कुणी सांगत नाही. शिवाय ते जेल होतं, रक्त तपासून डोस कमी-जास्त केलेलं. पंधरवड्याला ठोकलेल्या इंजेक्शनला तो दाखला लावता येत नाही. बीपी मोजा, ईसीजी काढा. गेल्या सहा महिन्यांत हार्ट ॲटॅक किंवा पक्षाघात झालेला, हार्ट फेल्युअर आटोक्यात नसलेला, गुठळ्या होण्याची प्रवृत्ती असलेला माणूस या वाटेला जात नाही. आणि तुमची फक्त इच्छा कमी झालीय की ताठरताही येत नाही, हे पत्रात स्पष्ट नाही. ताठरता येत नसेल तर हृदय जास्त बारकाईनं बघायला हवं. तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांहून बारीक असतात, त्या आधी तुंबतात.

माझा अंदाज विचाराल तर (अंदाजच, तपासल्याशिवाय मी पैज लावत नाही) तुमच्या थकव्याचं मूळ टेस्टोस्टेरॉनच्या आधी कुठेतरी आहे. म्हणून त्याच सुईत थायरॉइडसाठी टीएसएच, हिमोग्लोबिन, बी-१२, डी, उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी करून घ्या. सकाळी उठल्यावर आपोआप येणारी ताठरता अजून आहे का? दाढी पूर्वीइतक्याच वेळा करावी लागते का? छाती हुळहुळते, फुगल्यासारखी वाटते का? या तीन उत्तरांवरून माझ्यासारख्याला पॅकेजच्या साठ ओळींपेक्षा जास्त कळतं. आणि कंपनी हलण्याची चिंता. घर ऐरोलीत, मुलगी इथल्या शाळेत आणि वरचेवर गुजरातमधल्या दहेजचं नाव निघतंय, अशा माणसाची इच्छा मेली तर त्यात हॉर्मोनचा काय दोष? झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. त्यावरही औषध असतं. दहा टक्के वजन उतरलं तर टेस्टोस्टेरॉन आपणहून वर येतं, हा अनुभव आहे. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात गवळीदेवाच्या डोंगरापर्यंत चालत जा. ट्रेनरची फी वाचेल.

मी या औषधाच्या विरोधात नाही, हेही लिहून ठेवतो. पिट्युटरीच्या ऑपरेशननंतर टेस्टोस्टेरॉन सुरू झालेला एक माणूस मी बघितलाय. सहा महिन्यांत तो पुन्हा माणसांत आला. खरोखर कमी असेल, कारण सापडलं असेल, मूल नको असेल, तर जरूर घ्यावं, आणि तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी पातळी, पीसीव्ही, पीएसए बघत घ्यावं. जेल लावणार असाल तर हात धुवून, सदरा घालूनच मुलीला जवळ घ्यायचं. ते त्वचेवरून लहान मुलांच्या अंगात जातं.

वाशीत किंवा ठाण्यात हॉर्मोनतज्ज्ञ गाठा. सोबत मिसेसला न्या, आणि हे पत्र नेलंत तरी चालेल, ता. क.सकट.

ता. क. केसांच्या गोळीचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत. बायोटिन असेल तर ते काही लॅबच्या यंत्रांना चकवतं, टेस्टोस्टेरॉन आहे त्याहून जास्त दाखवतं, थायरॉइडचे आकडेही फिरवतं. डॉक्टरांना विचारून रक्ताच्या आधी तीन दिवस बंद ठेवा. फिनॅस्टेराइड असेल तर दोन गोष्टी. वर्षभर घेतली की पीएसए निम्म्यावर येतो, म्हणजे आलेला आकडा दुप्पट करून वाचायचा. आणि इच्छा कमी होणं हा त्या गोळीचा नोंदलेला दुष्परिणाम आहे. स्ट्रिपचा फोटो काढून ठेवा, आणि गोळी कधीपासून घेताय ते आठवा. दम गेला त्याच्या आधी की नंतर?